चौसष्ट फोटोंचा एक तेजोमेघ

मृगातला तेजोमेघ थंडीच्या दिवसांत साध्या द्विनेत्रीतूनही करड्या डागासारखा दिसतो. कॅमेरा लावला की गुलाबी छटाही येते, पण तिच्यासोबत रवाळ कचराही येतो. म्हणून एका फोटोवर कोणी थांबत नाही. तीस-तीस सेकंदांचे फोटो काढत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक रचायचे. याला आम्ही स्टॅकिंग म्हणतो.

तेजोमेघाचा प्रकाश दर फोटोत सारखाच असतो, कचरा मात्र दर वेळी निराळा. सरासरी काढली की कचरा विरतो. हिशेब वर्गमुळाचा आहे: 16 फोटोंत कचरा एक चतुर्थांश उरतो, तो एक अष्टमांशावर आणायला 64 फोटो लागतात. लोभ वाढतो तो इथे.

खरी गंमत जुळवणीत आहे. ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर कितीही चांगला असला तरी तारे थोडे सरकतातच. सॉफ्टवेअर आधी ठळक तारे शोधतं आणि तिघा-तिघांचे त्रिकोण मांडतं. फोटो सरकला किंवा फिरला, तरी त्रिकोणाच्या बाजूंचं गुणोत्तर तेच राहतं. त्यावरून कुठला तारा कुठला हे कळतं. मग प्रत्येक फोटो किती सरकला, किती अंश फिरला याचे आकडे खिडकीत भराभर उमटतात, तेही पिक्सेलच्या अपूर्णांकापर्यंत. मी ते आकडे वाचत बसतो. मध्येच एखादा उडी मारतो, तेव्हा स्टँडला कुणाचा तरी पाय लागलेला असतो.

जुळवणीआधी, झाकण लावून मूळ फोटोंच्याच तापमानाला काढलेले ‘डार्क’ फोटो आणि लेन्सवर पांढरं कापड ताणून पहाटेच्या उजेडात घेतलेले ‘फ्लॅट’ फोटो हवेत. कंटाळवाणं काम आहे, पण ज्याने फ्लॅट टाळले त्याच्या फोटोतल्या धुळीच्या चकत्या लपत नाहीत.

मुंबईच्या आसपास फोटोत विमानाची रेघ ठरलेलीच. सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलच्या सगळ्या नोंदी शेजारी मांडतं आणि फारच वेगळी असलेली नोंद वगळतं. रेघ गायब! पण ऑक्टोबर 2024 मध्ये संध्याकाळी पश्चिमेला त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आला, तेव्हा हीच युक्ती आड आली. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकतो. तारे जुळवले की तो फरफटतो, आणि वगळण्याच्या नियमात त्याचाही काही भाग जातो. त्याच्या गाभ्यावर जुळवणी केली, तर ताऱ्यांच्या रेघा होतात. मग दोन वेगळे स्टॅक करून ते एकत्र करतात. असं चित्र कुठल्याही एका क्षणी आकाशात नव्हतं. माझी त्याला हरकत नाही, फक्त ते सांगायला हवं.

तेव्हा फोटो दाखवताना किती फोटो, किती सेकंदांचे आणि जुळवणी कशावर, एवढं खाली लिहा. आणि मूळ फाइली पुसू नका: वगळलेल्या नोंदींत एखादा सरकणारा लघुग्रहही असू शकतो.