भंगारात घालण्याआधी : भजनी मंडळाचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर



आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. त्यातल्या काही मंडळांकडे देवळाच्या कोनाड्यात, नाहीतर कुणाच्या माळ्यावर, एक जड लोखंडी पेटी पडून असते. गावात तिला नुसतं 'मशीन' म्हणतात. पुरुष मंडळींनी नवं मशीन आणलं की जुनं महिला मंडळाच्या गळ्यात, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर. भंगारवाला ते आवडीनं घेतो, कारण आत तांबं आणि लोखंड भरपूर असतं. पेटीच्या जाळीतून काचेचे छोटे दिवे दिसत असतील, तर ते व्हॉल्व्ह. अशी पेटी विकण्याआधी आमचं एवढं ऐका.

पहिल्यांदा जिवाची गोष्ट. 'चालतंय का बघू' म्हणून तिचा प्लग लावू नका. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. या पेटीच्या आत ती वाढवून ३००, कधी ४०० व्होल्टच्या वर नेलेली असते. प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये ती साठून राहते आणि हात लागला तर झटका बसतो. म्हणून झाकण मेकॅनिकनंच उघडायचं. धूळ पुसायची ती बाहेरून, प्लग काढून, कोरड्या फडक्यानं.

आता व्हॉल्व्ह काम कसं करतो ते बघू. उसाला पाणी पाजताना आपण पाटाचं दारं धरतो. खोऱ्यानं थोडी माती इकडची तिकडं केली की केवढं पाणी वळतं! व्हॉल्व्हमध्ये तसंच आहे. आतली तार तापते, तिच्याजवळच्या नळीतून विजेचा प्रवाह पलीकडच्या पत्र्याकडे निघतो आणि मधे एक बारीक जाळी असते. माईकमधून आलेला इवलासा आवाज त्या जाळीवर दारं धरतो, आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. काचेत हवा नसते म्हणूनच हे जमतं. काचेला आतून चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. हे मात्र आपल्याला बाहेरूनही ओळखता येतं.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालचा. त्याआधीचं लाऊडस्पीकरचं आणि बोलपटाचं काम व्हॉल्व्हवरच चाले. १९३२ साली प्रभात कंपनीनं इथं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला, तेव्हा दुर्गा खोटे यांचा आवाज फिल्मवर उतरला तो अशाच काचेच्या दिव्यांतून. पुढे १९६१ पासून बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनू लागले. जुन्या पेट्यांत त्यांचे व्हॉल्व्ह अजून सापडतात, आणि पुष्कळदा चांगल्या हालतीत.

कारण बहुतेक वेळा बिघडतात त्या स्वस्तातल्या वस्तू. वीज गाळणारे मोठे कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून आतून सुकतात, मग कर्ण्यातून सारखी घुंऽ अशी घरघर येते. कागदाचे छोटे कंडेन्सर गळायला लागतात. ते गळले की मोठ्या व्हॉल्व्हमधला पत्रा लालभडक होतो. तसं दिसलं की ताबडतोब बंद करायचं, नाहीतर व्हॉल्व्ह जातो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर हाच सगळ्यात महागाचा भाग. पखवाजाची धूम, म्हणजे खालचा भारी सूर, नीट निघायचा तर आवाजाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये भरपूर लोखंड लागतं. पेटी जड असते ती त्यामुळंच. आमचं मत विचाराल तर ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर पेटी विकू नये. तो जळला असेल, तर आधी गुंडाळून घेण्याचा खर्च विचारावा आणि मगच पुढचं ठरवावं.

जाणता मेकॅनिक आधी कंडेन्सर बदलतो, विरलेली रबरी वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची नवी घालतो. मग थेट वीज न देता मधे ६० किंवा १०० वॅटचा साधा बल्ब जोडून देतो. बल्ब क्षणभर झगमगून मंद झाला तर ठीक. झगमगतच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तो पेटी जळायच्या आत कळला. म्हणून मेकॅनिकला एकच विचारा, "दादा, पहिल्यांदा वीज कशी देणार?" त्यानं बल्बचं नाव काढलं तर पेटी ठेवा. "लावून बघतो" म्हणाला तर उचला आणि दुसरीकडे जा. जुन्या रेडिओवर काम केलेले वयस्क मेकॅनिक कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडे विचारत गेलं तर भेटतात. काढलेले सुटे भाग परत मागून घ्या, आणि काय काय बदललं ते मंडळाच्या वहीत लिहून ठेवा.

ईएल ८४ सारखे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया, चीनमध्ये आजही बनतात, परदेशातल्या गिटारवाल्यांना ते लागतात. तेव्हा 'पार्टच मिळत नाही' एवढ्यावर गप्प बसू नका.

पुरात भिजलेल्या पेटीचं वेगळं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोळ, करवीरकडे किती घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलंय. अशा पेटीतला गाळ मेकॅनिककडून स्वच्छ पाण्यानं धुवून घ्यावा लागतो आणि मग ती बरेच दिवस सुकवावी लागते. वरून कोरडी दिसली तरी ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत ओल दडून राहते. मेकॅनिकनं मेगरवर मोजून ओल गेली म्हटल्याशिवाय वीज द्यायची नाही.

दुरुस्त होऊन आली की दोन गोष्टी सांभाळा. कर्णा किंवा स्पीकर जोडल्याशिवाय मशीन कधी चालू करू नका, आवाजाचा ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि नव्या माईकचा आवाज बारीक आला तर मशीनला दोष देऊ नका. जुन्या मशीनला जुन्या जातीचा माईक लागतो. नवा लावायचा तर मधे एक छोटा जुळवणीचा ट्रान्सफॉर्मर घालून मिळतो. तो त्याच मेकॅनिककडून त्याच खेपेला बसवून घ्या, म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं नको.