तलफ वर्षांनंतरही का येते?

दारू सोडून पाच वर्षं झालेला माणूस पगाराच्या दिवशी जुन्या गुत्त्यासमोरून जातो. ओळखीचा वास येतो; घशाला कोरड पडते, तळहात घामेजतात. घरच्यांना वाटतं, मनच कच्चं. पण ही करामत मेंदूची आहे.

दारू किंवा ड्रग्ज घेतल्यावर मेंदूत डोपामिन हे रसायन झपाट्याने वाढतं. त्या वेळचा वास, जागा, सोबती, सगळं मेंदू पक्कं टिपून ठेवतो. व्यसन सुटलं तरी ही स्मृती पुसली जात नाही; खूण दिसली की तलफ जागी होते. ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावून नेणं महत्त्वाचं.

मेंदू सावरतो, पण सावकाश. मेथॲम्फेटामाइन हे ड्रग सोडलेल्यांच्या मेंदूचा संशोधक नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराहून अधिक काळ दूर राहिल्यावर डोपामिन यंत्रणेत स्पष्ट सुधारणा दिसली. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी नाही.

म्हणूनच उपचार केंद्रातून घरी आल्यावर पाठपुरावा लागतो. १९८६ साली पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र असो वा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा, तिथे समदुःखी माणसं भेटतात.

एक धोका लक्षात ठेवा. खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. हेरॉइनसारखं ड्रग जुन्या मापाने घेतलं तर जीव जाऊ शकतो. पाय घसरलाच तर त्या माणसाला टोमणे मारू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.