माळाचा विळा

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील मौजे सोनारी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आणि त्या देवस्थानाच्या आवारात निःशंकपणे वावरणाऱ्या माकडांमुळे. चैत्रातील यात्रेस आलेला भाविक नवस फेडतो, माकडांना फुटाणे घालतो आणि परतीची वाट धरतो, आणि त्या वाटेने जाताना, उन्हाने करपून मातकट झालेल्या माळाकडे पाहण्याचे काही कारण त्याला पडत नाही. परंतु या मुलखातला माळ भाद्रपदात पाहावा. शंखपुष्पीची आणि केन्याची निळी फुले जमिनीलगत उमललेली असतात, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे वाऱ्यावर डोलत असतात, तरवड पिवळा झालेला असतो, आणि या सर्वांच्या भोवती मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते गुडघ्यापर्यंत चढलेली असतात.

हे वैभव आपोआप टिकते, असा समज सर्वत्र रूढ आहे आणि तो खरा नाही. गवत मोकळे वाढू दिले, वर्षानुवर्षे ते उभेच वाळू दिले, तर त्याच्या मेलेल्या काड्यांचा थर साचतो, खाली ऊन पोहोचत नाही आणि बुटकी फुलझाडे कोंडून मरतात. उलट बारमाही गुरे सोडली, तर बी धरण्यापूर्वीच सारे खाल्ले जाते. या दोन टोकांच्या मधली वाट माणसाच्या हातातील पात्याने काढलेली आहे. युरोपातील फुलांची कुरणे अशीच, शतकानुशतकांच्या कापणीतून सिद्ध झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३० नंतरच्या अर्धशतकात अशा कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के नष्ट झाली, आणि आज तेथील नगरांतून स्वयंसेवक नागरिक लांब दांड्याचे, उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायचे जुने पाते पुन्हा चालवावयास शिकत आहेत. पहाटे, गवतावर दव असताना, कमरेतून वळत ते अर्धवर्तुळ कापीत पुढे जातात. कापलेले गवत उचलून नेतात, कारण ते कुजून जमीन सकस झाली की दांडगी गवते माजतात आणि फुले हटतात. आपल्या मुरमाड माळाला सकसपणाचे भय फारसे नाही. येथे प्रश्न उन्हाचा आणि मोकळ्या जागेचा आहे. पण कापावे आणि उचलून न्यावे, हा नियम दोन्हीकडे एकच.

आपल्याकडे ते लांब पाते रुळले नाही. आपले हत्यार विळा. रस्त्याच्या कडेला पाल टाकून भाता चालवणारे घिसाडी आणि गावचे लोहार यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो घडवला. अलीकडे मालमोटारीच्या मोडक्या कमानपट्ट्यांचे पोलाद त्यासाठी वापरतात. लोखंड लाल करून ऐरणीवर घणाने चंद्रकोरीसारखे वळवायचे, धारेकडची बाजू ठोकून पातळ करायची आणि अखेरीस तिला पाणी द्यायचे. पाणी कमी पडले तर धार वळते, अधिक झाले तर तुटते. कृषी संशोधनातून आलेला दातेरी ‘वैभव’ विळा वारंवार पाजवावा लागत नाही आणि गव्हा-ज्वारीच्या कापणीस तो उत्तमच. परंतु माळाच्या कामास साध्या धारेचाच विळा मला श्रेयस्कर वाटतो, कारण थोड्या थोड्या वेळाने थांबून दगडावर धार लावताना कापणाऱ्याची नजर पुढच्या पट्ट्यावरून फिरते.

ती नजर हीच या विद्येतील मुख्य गोष्ट आहे. नवशिक्याला प्रथम सांगतात ते डाव्या हाताविषयी: मूठ फार मोठी धरू नये, अंगठा वर ठेवावा, आणि पाते हाताच्या खालून, जमिनीला जवळजवळ समांतर, स्वतःकडे ओढावे, हाणू नये. बैठक उकिडवी, एक पाय किंचित पुढे. मग एका रांगेत सर्वांनी आपापली पात धरायची आणि शेजाऱ्याच्या लयीने सरकायचे. हे सर्व काही दिवसांत जमते. तरवडाचे रोप सोडून त्याच्या भोवतीचे गवत घेणे, चंडोलाचे घरटे दिसताच हात आखडणे, बी भरलेला तुरा ओळखून तो उभा ठेवणे, यास मात्र अनेक हंगाम लागतात, आणि ते शिकवणाऱ्या बहुधा म्हाताऱ्या बायाच असतात. यंत्र एवढे पाहू शकत नाही; ते घरट्यासकट सारे सपाट करते.

गवत हा एके काळी राज्याचा विषय होता. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गंजी पेटतील आणि घोडी उपाशी मरतील, इतकी बारीक काळजी वाहिली आहे. आमच्याच काळात, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने चराईबंदी केली ती गवत तोडू नये म्हणून नव्हे; जनावर माळावर न जाता गवत विळ्याने कापून त्याच्याकडे यावे, म्हणून. पाणी फाउंडेशनच्या समृद्ध गाव स्पर्धेतही संरक्षित कुरण हा एक विषय होता. दप्तरात मात्र माळाची नोंद अजून ‘पडीक’ अशीच होते, आणि पडीक म्हटले की तेथे झाडे लावणारा उत्साही माणूस येतोच. पुण्याच्या टेकड्यांवर गवताळ उतारांत परदेशी झाडे लावली गेली, त्याने टेकडीचे भले झाले असे मला म्हणवत नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, तेव्हा शासनाने एवढे तरी मान्य केले की झाडाविना असलेली भूमीही जिवंत असते.

शहरातील ज्या तरुणांना टेकडीवरचे गवत राखावयाचे आहे, त्यांनी परदेशी पात्याची वाट न पाहता सोनारीच्या मुलखात यावे. आल्यावर त्यांना एक खरा वाद ऐकावयास मिळेल. गुरांना पोषक गवत हवे तर ते फुलोऱ्यात, म्हणजे कुसळ टणक होण्यापूर्वी कापले पाहिजे. फुलांना आणि गवतालाही पुढच्या वर्षी उगवायचे तर बी पडेपर्यंत, म्हणजे कार्तिक उलटेपर्यंत थांबले पाहिजे. गुराख्याचे म्हणणे खोटे नाही, वनस्पती जाणणाऱ्याचेही नाही. माझ्या मते तोडगा पट्ट्यांचा आहे: माळाचा एक भाग आश्विनात वैरणीसाठी घ्यावा, दुसरा मार्गशीर्षात कापावा, तिसरा त्या वर्षी तसाच सोडावा, आणि दरसाल पट्टे बदलावेत. यासाठी कोणता पट्टा केव्हा कापला याची वही ठेवावी लागेल, आणि ती वही ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी.