मोटारीच्या रंगावर सिरॅमिकचा लेप : पैसा खर्चावा कीं नाहीं ?

शीळफाट्याहून मुंब्रा, पनवेल, महापे व कल्याण अशा चार दिशांस रस्ते फुटतात. न्हावा-शेवा बंदरांतून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर, भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजाराकडे निघालेले टेंपो आणि डोंबिवलीहून नवी मुंबईस नोकरीकरितां जाणाऱ्यांच्या मोटारी यांची या नाक्यावर सदैव दाटी असते. अशा रस्त्यांच्या कडेस मोटारी धुऊन, घासून चकचकीत करून देणारीं दुकानें निघावीं यांत नवल नाहीं. या दुकानांच्या फलकांवर हल्लीं 'सिरॅमिक कोटिंग' हे शब्द ठळक अक्षरांत दिसतात. लहान मोटारीस पंधरा-वीस हजार व मोठीस चाळीस-पन्नास हजारांपर्यंत मोल सांगितलें जातें, आणि लेप एकदां दिला म्हणजे रंगास पुढें कित्येक वर्षें भय नाहीं असें आश्वासन त्याबरोबर मिळतें.

या टापूंतील अनेक शेतकरी कुटुंबांच्या जमिनी रस्ते, रेल्वे व वसाहती यांकरितां गेल्या आहेत. मोबदल्याच्या रकमेंतून घर बांधून झालें, मुलांच्या शिक्षणाची व लग्नकार्याची तजवीज झाली, कीं बहुधा एक मोठी मोटार दारांत येते. आणि विक्रेत्याच्या टेबलावर सह्या चालल्या असतांनाच हा लेप बिलांत चढतो. जमीन एकदांच जाते, तिचा पैसाही एकदांच हातीं येतो. एक एकर भाताच्या खाचरांतून सर्व खर्च वजा जातां एका हंगामास जें उरतें, त्याहून लेपाचा हा आंकडा बहुधा मोठाच भरेल. म्हणून हा लेप काय आहे, काय करतो व काय करीत नाहीं, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम रंगाकडे पाहूं. कारखान्यांतून आलेल्या मोटारीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. चार-पांच पदर असतात. पत्र्यास आधीं फॉस्फेटाच्या द्रावणाचा संस्कार होतो. मग सबंध सांगाडा हौदांत बुडवून विजेच्या प्रवाहानें त्यावर गंज रोखणारें अस्तर बसवितात. त्यावर दुसरें अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. वरचें रोगण यांपैकीं चाळीस-पन्नास मायक्रॉनांचें. मोटारीची चमक आहे ती या रोगणांत. उन्हापासून रंगाचा बचावही तेंच करतें. आणि घासून गेलेलें रोगण पुन्हां भरून येत नाहीं. सिरॅमिकचा लेप या रोगणावर बसतो, व त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच असते. दीडशें पानांच्या पुस्तकावर आणखी एखाददुसरें पान चढवावें, तितकीच ही भर होय.

'सिरॅमिक' या नांवानें चिनी मातीची बशी डोळ्यांपुढें उभी राहते, परंतु भट्टीचा येथें कांहीं संबंध नाहीं. लहानशा बाटलींत सिलिकॉनचीं संयुगें द्रावकांत विरघळविलेलीं असतात. तीं रंगावर चोळलीं म्हणजे द्रावक उडून जातो, आणि राहिलेला अंश हवेंतील ओलाव्याशीं संयोग पावून काचेच्या जातीचा पातळ पापुद्रा बनतो. तो रोगणास घट्ट धरून राहतो. मेणासारखा दोन महिन्यांत धुऊन जात नाहीं. एवढा गुण खरा, व तो नाकारण्याचें कारण नाहीं. यापूर्वी गाजलेल्या 'टेफ्लॉन कोटिंग'ची गोष्ट याहून पोकळ होती. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ सालीं सांपडला. तो तव्यावर पक्का बसविण्यास साडेतीनशें अंशांच्या वर तापवावें लागतें, आणि रंगविलेली मोटार तितकी तापविली तर रंगच उरणार नाहीं.

दुकानदाराच्या हातांतील मोठा पुरावा म्हणजे पाण्याचा वाटोळा थेंब. लेप दिलेल्या भागावर तो पाणी टाकतो, थेंब मोत्यांसारखे उभे राहतात, आणि गिऱ्हाईक थक्क होतें. शेतकऱ्यानें थक्क होण्याचें कारण नाहीं. अळवाच्या पानावर हा चमत्कार तो लहानपणापासून पाहत आला आहे. कोबीवर व कांद्याच्या पातीवर औषध ठरत नाहीं म्हणून फवाऱ्यांत चिकट द्रव्य मिसळण्याची पाळीही त्याजवर येते. कमळाच्या पानाचें हें रहस्य जर्मनींतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें उलगडलें व नाइनहुइस यांच्यासह १९९७ सालीं सविस्तर मांडलें. पानावर मेण असतेंच. पण त्याखेरीज डोळ्यांस न दिसणारे असंख्य उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो, पान जरा कललें कीं घरंगळतो, आणि जातां जातां धूळही उचलून नेतो. मोटारीवरील लेप पाणी झिडकारतो, परंतु तो गुळगुळीत असतो. त्यावर थेंब अर्ध्या वाटाण्यासारखा बसतो. दारांवरून तो ओघळून जाईल. टपावर व बॉनेटावर मात्र जागच्या जागीं वाळेल. पाणी कूपनलिकेचें असलें तर त्यांतील क्षार त्या वर्तुळांत सांचून पांढरे डाग पडतात, आणि उन्हांत वारंवार असें झाल्यास ते सहजासहजीं निघत नाहींत. तेव्हां थेंब वाटोळा होतो याचा अर्थ रंगाचें रक्षण झालें असा नव्हे. धुतल्यावर मोटार कोरडी पुसणें लेपानंतरही चुकत नाहीं.

दुसरा शब्द '९ एच'. हा आंकडा सांगून लेप इतका कठीण आहे कीं ओरखडा उठणारच नाहीं, असें भासविण्यांत येतें. कठीणपणाचें मोहस नांवाचें एक माप आहे. त्यांत हिरा १० व माणिक ९ आहे. ऐकणारा मनाशीं तेंच माप धरतो. वस्तुतः '९ एच' हें पेन्सिलीचें माप आहे! निरनिराळ्या कठीणपणाच्या चित्रकारी पेन्सिली घेऊन, ४५ अंशांचा कोन व ७५० ग्रॅमचें वजन ठेवून, रंगाच्या पृष्ठावर ढकलीत नेतात. कोणत्या पेन्सिलीनें ओरखडा उठत नाहीं तें पाहून अंक देतात. ९ एच ही सर्वांत कठीण पेन्सिल खरी. पण ती शेवटीं ग्रॅफाइट व माती यांचीच. शुद्ध ग्रॅफाइट तर नखानेंही खरवडतें. वाळूचा कण मोहसच्या मापानें ७ आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडांतील खनिजें साधारण ६ आहेत. पेन्सिलीच्या कसोटीस उतरलेला एक-दोन मायक्रॉनांचा पापुद्रा दगडाच्या भुकटीपुढें टिकेल ही अपेक्षाच व्यर्थ होय.

शीळफाट्यापुरतें पाहतां हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. येथील धूळ शेतांतील मऊ माती नव्हे. पारसिकच्या डोंगररांगेंतून वर्षानुवर्षें दगड फोडला गेला, खडी वाहणारे डंपर याच वाटेनें गेले, काँक्रीटचे रस्ते झाले, आणि २०२४ सालापासून कल्याण–तळोजा मेट्रोचें काम या बाजूस सुरू झालें. मोटारीवर बसते ती दगडाची व सिमेंटची भुकटी. सकाळीं चालक किंवा घरांतील मुलगा कोरड्या फडक्यानें ती गोलगोल पुसतो, म्हणजे रोगणावर वाळूचा कागदच फिरवितो. काळ्या मोटारीवर दुपारच्या उन्हांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या रेघा दिसतात, त्या रस्त्यानें पाडलेल्या नसतात. त्या फडक्याच्या असतात. लेप असला तरी त्या पडतील, फक्त कांहींशा उशिरानें. आमच्या मतें कोरडें फडकें बंद करणें हा लेपापेक्षां मोठा उपाय असून त्यास पैसा लागत नाहीं. आधीं पाण्याच्या धारेनें धूळ वाहून न्यावी. मग एका बादलींत साबणाचें पाणी व दुसरींत साधें पाणी घेऊन मऊ हातमोजानें वरून खालीं धुवावें, आणि मोजा दरवेळीं साध्या पाण्यांत पिळून घ्यावा. भांडीं घासण्याचा साबण वापरूं नये.

लेपाचा खरा उपयोग कोठें होतो तेंही सांगितलें पाहिजे. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडले म्हणजे झाडाखालीं उभ्या केलेल्या मोटारीवर चिकट गोड रस ठिबकतो, आणि त्यावर धूळ व काळी बुरशी धरते. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हानें तापलेल्या रोगणावर ती पडून राहिली तर रोगण खाल्लें जातें. लेपावरून हीं घाण लवकर सुटते, व आम्ल रोगणापर्यंत पोहोंचण्यास कांहीं वेळ अधिक लागतो. डोंबिवलीच्या औद्योगिक भागांत जानेवारी २०१४ मध्यें हिरव्या रंगाचा पाऊस पडला होता, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें तेथील एक रस्ता गुलाबी झाला होता. हे प्रकार ज्यांनीं पाहिले, त्यांस हवेंतून काय काय खालीं येतें हें निराळें सांगावयास नको. अशा ठिकाणीं मोटार उघड्यावर ठेवणाऱ्यास लेपाचा थोडाबहुत लाभ मिळेल. परंतु तो वेळ मिळवून देतो, अभय देत नाहीं. विष्ठा त्याच दिवशीं भिजवून काढलीच पाहिजे.

डंपरच्या चाकाखालून उडणाऱ्या खडीवर लेप निरुपयोगी आहे. त्यास उपाय म्हणजे पॉलियुरेथेनचें पारदर्शक आवरण. तें दीडशें-दोनशें मायक्रॉन जाड असल्यामुळें खडीचा मार सोसतें. सबंध मोटारीस त्याचा खर्च लाखाच्या आसपास किंवा वर जातो, म्हणून फार तर बॉनेट व पुढील बंपर एवढ्यांस लावावें. डंपरपासून अंतर राखून चालणें त्याहून स्वस्त.

लेपाची भरभरून स्तुति करणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेली चमक लेपाची नसतेच. लेपापूर्वी यंत्रानें रोगण घासून रेघा काढाव्या लागतात. चमक येते ती त्या घासण्यानें. प्रत्येक घासणींत रोगणाचे कांहीं मायक्रॉन जातात, व तें कायमचेंच. म्हणून 'दरवर्षीं घासून पुन्हां लेप' अशी योजना कोणी मांडल्यास ती नाकारावी. नव्या मोटारीस जोरदार घासणी लागूं नये. ती लागते असें कोणी म्हणेल तर मोटार कोठें व कशी पुसली गेली हें त्यास विचारावें.

आतां हिशेब. समजा लेपास ३०,००० रुपये दिले, हमी टिकविण्यासाठीं दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं प्रत्येकीं ३,००० रुपयांची देखभाल केली, आणि लेप तीन वर्षें चांगला राहिला. एकूण ३६,००० म्हणजे वर्षास १२,००० रुपये झाले. उलट मोजे, मऊ कापडें, मोटारीचा साबण आणि दर दोन-तीन महिन्यांनीं लावावयाचें मेण किंवा फवाऱ्याचा लेप हें सर्व वर्षास तीन हजारांत बसावें. चांगलें मेण ब्राझीलच्या ईशान्य भागांतील कार्नाउबा नांवाच्या ताडाच्या पानांवरून काढतात. म्हणजे पानाचें कवचच आपण मोटारीस चढवितों. फरक नऊ हजारांचा, आणि त्याच्या बदल्यांत मिळतें काय तर धुण्याचे श्रम कमी व चमक अधिक काळ. जुनी मोटार घेणारा वर्ष, धांव, अपघात व इंजिन पाहतो. लेपाच्या पावतीचा पैसा तो सहसा मोजीत नाहीं.

मालवाहू पिकअपचा विचार निराळा. तिला लेप देणें आम्हांस मुळींच पटत नाहीं. तिचा शत्रु वरून येत नाहीं, खालून व आंतून येतो. हौद्यांत खताची गोण फुटते आणि दाणे सांध्यांत राहतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद; कोंकणच्या दमट हवेंत तें पत्रा पोखरून टाकतें. दाराच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्यासाठीं भोकें असतात. तीं चिखलानें बुजलीं कीं दार आंतून कुजतें, आणि बाहेरून रंग मात्र छान दिसत राहतो. लेपाच्या खर्चाच्या लहानशा अंशांत पावसाळ्यापूर्वी तळास गंजरोधक लेप देतां येतो. खत उतरविल्यावर हौदा त्याच दिवशीं धुवावा, भोकें काडीनें मोकळीं करावीं, व खडीनें उडालेल्या टवक्यांस लगेच रंगाचा ठिपका द्यावा. ट्रॅक्टरास तर छप्पर हाच लेप.

मग घ्यावा कोणीं? मोटार नवी व गडद रंगाची आहे, ती सात-आठ वर्षें ठेवावयाची आहे, धुण्याचें काम स्वतःच्या देखरेखीखालीं होतें, आणि खर्च कर्जांतून नाहीं, अशा गृहस्थास लेप घेण्यास हरकत नाहीं. धुण्याचें काम भाड्याच्या हातांवर व कोरड्या फडक्यावर सोडणाऱ्यानें घेऊं नये. त्याचे तीस हजार सहा महिन्यांत पुसून जातील. घेणाऱ्यानें हमीपत्र आधीं वाचावें. पाण्याचे डाग, विष्ठा व खडी हीं त्यांत बहुधा वगळलेलीं असतात, आणि ठराविक मुदतींत तपासणी चुकली तर हमी संपते. लेप बंद व स्वच्छ जागेंत दिला जातो कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. भर रस्त्याच्या धुळींत दिलेला लेप कण आंत घेऊनच सुकतो. लेपानंतर पहिला दिवस मोटार कोरडी ठेवावी लागते व आठवडाभर धुतां येत नाहीं, म्हणून भर पावसाळ्यांत हें काम काढूं नये. नव्या मोटारीच्या बिलांत लेप आधींच चढलेला आढळल्यास ती रक्कम काढून टाकण्यास विक्रेत्यास स्पष्ट सांगावें. नोंदणी व विमा यांप्रमाणें तो कोणत्याही कायद्यानें सक्तीचा नाहीं.