जुनी होडी, नवी होडी

आज शिडाच्या होड्यांविषयी बोलू.

'सुहेली' ही ३२ फुटी होडी मुंबईत बांधली, सागवानाची. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ मध्ये एकटेच, कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. ३१२ दिवस लागले. तिच्या तळाचा कणा लांब, म्हणून वळायला जड. पण शिडं जुळवली की आपली वाट धरून चालते. वाटेत फटीतून पाणी शिरू लागलं, तर त्यांनी समुद्रात बुडी मारून फटीत कापूस ठोकला! लाकडाला असं करता येतं.

आताच्या शर्यतीच्या होड्या ६० फुटी, कार्बन फायबरच्या. तळाला अरुंद पातं, त्याच्या टोकाशी वजन. काहींना बाजूला पंख असतात, ते वेगात होडी पाण्यावर उचलतात. 'वांदे ग्लोब' ही तशाच फेरीची शर्यत २०२५ मध्ये ६४ दिवसांत जिंकली गेली. पण आत आदळआपट, गोंगाट फार.

आपल्या नौदलाची 'तारिणी' गोव्यात बांधलेली, ५६ फुटी. २०१७-१८ मध्ये सहा जणींनी तिच्यातून, बंदरं घेत घेत, पृथ्वीप्रदक्षिणा केली. लांबच्या प्रवासाला मला तरी अशीच होडी बरी वाटते. शिधा-पाण्याला जागा हवी ना!