‘हाना’ : एका शब्दाचे अर्थांतर

जपानी भाषेत ‘हाना’ म्हणजे फूल; काव्यपरंपरेत मात्र या शब्दाचा संकेत कालौघात बदललेला दिसतो. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या संग्रहात साकुरा, म्हणजे चेरीच्या फुलांपेक्षा, ‘उमे’वरील कविता कितीतरी अधिक आहेत. जर्दाळूच्या जवळचा हा सुगंधी वृक्ष चीनमधून आलेला असून थंडी सरण्यापूर्वीच फुलतो. इ. स. ९०५ च्या सुमाराच्या ‘कोकिन्शू’त साकुराला प्राधान्य मिळाले आणि पुढे नुसत्या ‘हाना’ने साकुराच सूचित होऊ लागली. क्योतो परिसरात मार्चअखेरीस ती बहरते आणि दोन आठवड्यांच्या आत गळून जाते. या गळण्यातच कवींना अनित्यतेचे रूप गवसले. हायकूतही ‘हाना’ हा वसंताचा ऋतुशब्द आहे. त्यामुळे मराठी अनुवादात केवळ ‘फूल’ असा प्रतिशब्द योजल्यास ऋतू आणि अनित्यता, दोन्हीही निसटतात.