चौसष्ट डबे

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की वळसंग येते. तेथे माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात पत्र्याचे चौसष्ट डबे आहेत. गेल्या दिवाळीत मी ते स्वतः मोजले, कारण त्यांतल्या कोणत्यातरी एकात आत्याने पाटल्या ठेवल्या होत्या आणि कोणत्या, ते तिला आठवेना. दहा-बारा डबे धुंडाळून ती दमली आणि भांडी घासणाऱ्या मावशींकडे पाहू लागली. मावशींनी मान वर केली नाही.

तिचा नातू पुण्याला संगणकशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "आजी, ‘आहेत’ म्हणायला एक डबा पुरतो. ‘नाहीत’ म्हणायचं तर चौसष्टही उघडायला हवेत."

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. म्हटले, "तुमचे ते क्वांटम यंत्र म्हणे सगळ्या डब्यांत एकदम डोकावते?"

"डोकावतं, काका, पण नजर वाटली जाते. वाटणीचा नियम असा, की प्रत्येक वाट्याचा वर्ग करून बेरीज केली तर ती एकच यायला हवी. चौसष्ट डब्यांना सारखी वाटली, तर प्रत्येकाला एक-अष्टमांश. एका डोकावण्यात पाटल्यांची खबर येते ती तेवढीच पुसट. ती ऐकू येईपर्यंत पुन्हा पुन्हा डोकावावं लागतं."

लव्ह ग्रोव्हर यांनी 1996 साली दाखवलेल्या पद्धतीने चौसष्ट डब्यांना सहा वेळा पुरतात, आणि उत्तर जवळजवळ खात्रीचे मिळते. डबे शंभरपट झाले, तर श्रम दहापटच वाढतात. मात्र दहापटीहून कमी वाढतील अशी युक्ती निघणे नाही! बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार आणि वझिरानी या चौघांनी हे सिद्ध केले, आणि गंमत अशी की ग्रोव्हरची पद्धत निघण्याआधीच.

"पण यंत्राने काही डब्यांकडे जास्त लक्ष दिले तर?"

"मग पाटल्या दुर्लक्षित डब्यात ठेवायच्या. यंत्राला पत्ता लागणार नाही."

मला हे फार आवडले. एखादी गोष्ट करून दाखवणाऱ्याला शाबासकी मिळतेच; पण ‘याहून कमी कष्टात कुणालाच जमणार नाही’ म्हणणाऱ्याला अजून जन्मायच्या असलेल्या हुशार माणसांच्याही युक्त्या हिशेबात धराव्या लागतात. आणि काही प्रश्न तर आणखी हट्टी. भरलेल्या डब्यांची संख्या सम की विषम, एवढेच विचारा. क्वांटम यंत्रालाही बत्तीस वेळा पाहावे लागते. निम्म्याच्या खाली सूट नाही, हे 1998 मध्ये सिद्ध झाले. का, तेही नातवाने सांगितले, पण तोवर माझा चहा निवला होता आणि डोकेही!

आमच्याकडे यंत्र नव्हते. नातू खाली बसला आणि एकेक झाकण काढू लागला. आत्या म्हणाली, "राहू दे रे, आता काय मिळतंय." तो थांबला नाही. मीही धोतर सावरून, म्हणजे पँट सावरून, शेजारी बसलो. त्रेपन्नाव्या डब्यात, ज्वारीच्या लाह्यांखाली, पाटल्या होत्या.

आत्या काही बोलली नाही. संध्याकाळी मावशींना फराळाचे ताट देताना तिने अनारसे मात्र दोनाचे चार केले.